मन्मथअप्पांचे सातवे कारण

लातूरच्या मोंढ्यातून पोत्याने तूरडाळ नेणाऱ्या कितीतरी घरांत मन्मथअप्पांचे अक्षर जाऊन आलेले आहे. डाळ संपल्यावर पोत्याचे पायपुसणे झाले असेल, पण त्यावरचा 'ळ' शेवटपर्यंत शाबूत राहिला असेल याची खात्री बाळगावी. एका डाळमिलमध्ये अप्पा एकवीस वर्षे पोत्यांवर मार्का घालत होते. मार्का म्हणजे मिलचे नाव, डाळीची जात आणि वजन. बाकीच्या मिलांत पत्र्याचा छाप ठेवून त्यावरून काळ्या रंगाचा बोळा फिरवत. अप्पांना ते पटत नसे. "छापाचं अक्षर कुणाकडं बघत न्हाई," असे ते म्हणायचे, आणि कुंचला घेऊन एकेक पोते हाताने लिहायचे. गोणपाटावर रंग फुटतो, पसरतो. अप्पांचा फुटत नसे.

शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक दोनदा नापास, दोन्ही वेळा इंग्रजीने मारले. मराठीत मात्र दोन्ही वेळा पास होते, हे ते न विचारता सांगत.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या पहाटे किल्लारीकडची गावे मातीला मिळाली. लातूर शहर हादरले, पण बरेचसे उभे राहिले. अप्पांची मिल तर इतकी धडधाकट राहिली की भिंतीला केसाएवढी चीर नव्हती. गोदामात तूर भरलेली होती, इंजिनाला तेल घातलेले होते. सकाळी सगळे हमाल कामावर आले आणि अंगणात बसले. आत कुणीच जाईना. जमीन अजून मधूनच हलत होती, आणि वर उंच पत्र्याचे छत.

"अप्पा, तुम्ही शिकलेले, तुम्ही जा आधी," केरबा हमाल म्हणाला.

"माझं आत काय काम हाय? मी अंगणातच लिहितो," अप्पा म्हणाले.

"मग शेठ जातील."

शेठजींनी खुर्ची अंगणात मागवून घेतली होती.

तो दिवस तसा गेला. मग दुसरा गेला. रोज सगळे यायचे, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे आणि घरी जायचे. ट्रकवाले दोन दिवस थांबून दुसऱ्या मिलकडे वळले. पाचव्या दिवशी फाटकाजवळच्या चहावाल्याने भट्टी विझवली, कारण हमालांना मजुरी नाही म्हणजे त्याला गिऱ्हाईक नाही. दिवाळीनंतर शेवटी लोक आत गेले, तोवर गिऱ्हाईक तुटले होते. संक्रांतीच्या आत मिल विकली गेली. घेणाऱ्याने तिथे मंगल कार्यालय काढले.

अप्पांच्या मनात या गोष्टीचा काटा राहून गेला. जी घरे पडली त्यांचे दुःख मोठे होते, त्यापुढे आपले काढू नये हे त्यांना कळत होते. पण न पडलेली मिल कशाने बुडाली, हे त्यांना कुणी विचारले नव्हते आणि त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

पुढच्या चार-पाच वर्षांत शहर बदलले. गल्लोगल्ली क्लास निघाले, खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, नांदेडपासून, परभणीपासून पोरे डॉक्टर व्हायला लातुरात येऊन उतरू लागली. जिथे पोरे तिथे नोट्स, आणि जिथे नोट्स तिथे झेरॉक्स. बसस्टँडच्या मागे बबलूने दोन यंत्रे टाकली. बबलू तिशीचा, अंगाने भरलेला, दिवसभर यंत्राच्या गरम वाऱ्यापुढे उभा राहून घामाघूम होणारा माणूस. त्याने अप्पांना दुकानात एक टेबल दिले. सायन्सवाल्यांच्या नोट्स कॉम्प्युटरवर छापून यायच्या. आर्ट्सच्या पोरांना क्लास नव्हते आणि कॉम्प्युटरही नव्हता. त्यांना रेणुकादास सर होते, आणि अप्पा.

रेणुकादास सर एका ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायचे. मूळचे नांदेडचे, उंच, किडकिडीत, बोलणे मोजून. नोट्सबद्दल एक पैसा घेत नसत. पोरांनी फक्त झेरॉक्सचे द्यायचे. रविवारी सर टेबलासमोर बसून सांगायचे आणि अप्पा कोऱ्या पांढऱ्या कागदावर लिहायचे. त्याच मूळ कागदावरून बबलू शेकडो प्रती काढायचा. सरांचे स्वतःचे अक्षर असे होते की त्यांनी फळ्यावर लिहिलेले 'नेपोलियन' मुले 'नारळीपाक' वाचत. म्हणून अप्पांवर त्यांचा जीव. आणि त्यांचा एक नियम होता, तो ते प्रत्येक धड्याला सांगत : "कारणे वेगळी, परिणाम वेगळे. एका ताटात वाढायचे नाहीत."

अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या महामंदीचा धडा आला. सरांनी कारणे सांगितली सहा. लोकांनी उसने पैसे काढून शेअर बाजारात सट्टा खेळला. कारखान्यांत आणि शेतात माल खपापेक्षा जास्त पिकला. पैसा थोड्या लोकांच्या हाती साठला, बाकीच्यांच्या खिशात माल घ्यायला काही उरले नाही. बँका एकामागून एक बुडाल्या. परदेशी मालावर जबर जकात बसवली, त्यामुळे उलट आपलाही माल बाहेर जाईना. आणि सरकारने पैसा मोकळा करायच्या वेळी हात आखडता घेतला. अप्पांनी सहाही घोटीव अक्षरात उतरवून घेतली. मालाच्या मुद्द्याला ते म्हणालेसुद्धा, "म्हंजे औंदाच्या तुरीसारखंच झालं की." सर म्हणाले, "लिहा तुम्ही." मग सर लेकीच्या लग्नासाठी आठ दिवस नांदेडला गेले.

सोमवारी अंबिका आली. ही किल्लारीच्या अलीकडच्या गावची. भूकंपात तिचे वडील आणि आजी गेली. आई गावीच मजुरी करायची आणि ही लातुरात मावशीकडे राहून बारावी आर्ट्स करत होती. डी.एड. करून मास्तरीण व्हायचे, एवढे एकच तिचे ठरलेले होते. डी.एड.ला बारावीच्या गुणांवर नंबर लागायचा, म्हणून ती नोट्स अशा पाठ करायची की स्वल्पविरामसुद्धा सुटायचा नाही. टेबलाशी उभी राहून तिने सहाही कारणे वाचली आणि कागद खाली ठेवला.

"पाठ होतंय अप्पा, पण कळंना."

"काय कळंना?"

"एवढा मोठा देश. कारखाने उभे होते, माणसं होती, माल पडलेला होता. मग बंद कशानं पडलं? भूकंप तर झाला नव्हता तिथं."

अप्पांनी पेनचे टोपण लावले. मग त्यांनी तिला मिलची गोष्ट सांगितली. अंगण, केरबा, शेठजींची खुर्ची, चहावाला, सगळे. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारले होते. अंबिका ऐकत राहिली. तिच्या गावात पडायचे राहिलेल्या घरांतही लोक वर्षभर झोपायला जात नव्हते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हे लिहा की मग यात," ती म्हणाली.

"सरांनी सहाच सांगितलीत."

"खाली जागा हाय."

जागा होती खरी. पान अर्धे कोरे होते. अप्पांनी सर येईपर्यंत वाट पाहायचे ठरवले आणि एकच दिवस पाहिली, कारण दारात पंधरा पोरे प्रतींसाठी उभी होती आणि बबलू "अप्पा, मशीन तापून थंड होऊन राहिली," म्हणून ओरडत होता. शेवटी त्यांनी लिहिले :

"७) भीती : गिरणी शाबूत असते, माल भरलेला असतो, कामगार अंगणात असतात, पण आत पहिला कोण जाणार म्हणून सर्व जण एकमेकांकडे पाहत बसतात. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. चहावाला भट्टी विझवतो. अशा रीतीने मंदी येते."

सर आल्यावर सांगू, असे म्हणाले. पहिली प्रत नेहमीप्रमाणे सरांच्या घरी पोचवली. सर आले, लग्नाच्या गडबडीतून कॉलेजच्या गडबडीत पडले. अप्पांनी दोनदा विषय काढायला तोंड उघडले आणि दोनदा चहा मागवला. मग ते राहूनच गेले. प्रती मात्र एस.टी.ने निलंगा, लोह्यापर्यंत जाऊन पोचल्या.

मार्चमध्ये परीक्षा झाली. इतिहासाच्या पेपरात महामंदीची कारणे आली. पोरे खूश, बबलू खूश.

जूनमध्ये निकाल लागला तेव्हा दुपारी अंबिका दुकानात आली. हातात एक टंकलेखन केलेले पत्र होते. तिने ते पुढे केले आणि अप्पांनी वाचले. लातूर, निलंगा आणि लोह्याच्या केंद्रांवरच्या त्रेचाळीस विद्यार्थ्यांचा निकाल राखून ठेवला होता. इतिहासाच्या एका प्रश्नाला त्रेचाळीस जणांनी पाठ्यपुस्तकात नसलेला मजकूर शब्दशः सारखा लिहिला होता. तीन वेगवेगळ्या गावी एकच वाक्य म्हणजे पेपर आधीच फुटला आणि त्यासोबत उत्तरही फिरले, असा संशय होता. सोमवारी चौकशी समितीपुढे हजर राहावे. त्या वाक्याचा नमुनाही दिला होता. 'चहावाला भट्टी विझवतो', याच्याखाली कुणीतरी दोन रेघा ओढल्या होत्या.

"डी.एड.चा फॉर्म भरायची तारीख बारा दिवसांवर हाय," अंबिका म्हणाली. "आईला अजून सांगितलं न्हाई."

बबलू यंत्र बंद करून आला, त्याने पत्र वाचले आणि कपाळाला हात लावला. "अप्पा, अमेरिकेत चहावाला कुठून आणला तुम्ही?"

घरी तारामतीबाईंनी सगळे ऐकून घेतले. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची चूक ऐकण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी पोटभर वाढायचे, मग बोलायचे.

"आता काय करणार?"

"समितीपुढं जाऊन सांगतो, मी लिहिलं म्हणून."

"अन् सर? त्यांच्या नावाच्या नोट्स हैत. दोनदा नापास झालेल्या माणसानं सरांच्या नोट्समधी घरचं घुसडलं, हे चार लोकांपुढं तुम्ही सांगणार. त्यांना आधी कुठं कळलंय?"

अप्पांनी ताट बाजूला सारले.

"अवो, समितीला भिऊ नका. आधी सरांकडं जा," तारामतीबाई म्हणाल्या. "ते खरं अवघड हाय."

अवघडच गेले. सरांनी पत्राची नक्कल वाचली. उठून कपाटातून नोट्सची ती प्रत काढली. सरांची सवय अशी की हाती आलेल्या प्रत्येक कागदावर तांबड्या शाईने 'प्राप्त' लिहून तारीख घालायची. मग तो कागद कपाटात जायचा. पान उलटून त्यांनी सातवा मुद्दा वाचला. मग परत वाचला.

"हे कारण नाही," सर म्हणाले. "हा परिणाम आहे."

"सर, ते राहू द्या, पोरांचं..."

"मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नांदेडला होता."

"आल्यावर?"

"आल्यावर हिंमत झाली न्हाई."

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "अप्पा, गेली तीन वर्षं तुम्ही लिहिलेला एक कागद मी परत वाचलेला नाही," ते म्हणाले. अप्पा चपला घालून निघून आले. सर चौकशीला येतील की नाही, पुढच्या रविवारी टेबलाशी बसतील की नाही, काहीच कळले नव्हते.

सोमवारी एका शाळेच्या मोठ्या खोलीत समिती बसली होती. मध्ये सौदामिनीबाई नावाच्या निवृत्त प्राचार्या, बाजूला दोन परीक्षक. व्हरांड्यात पोरे भिंतीला टेकून उभी होती. कुणाचे वडील लोह्याहून पहाटेची एस.टी. धरून आले होते. अप्पांना बोलावणे नव्हते, पण अंबिकेचे नाव पुकारले तसे तेही तिच्यामागून आत शिरले.

"तुम्ही कोण? पालक?"

"न्हाई बाई. चहावाला मी लिहिला."

परीक्षकांपैकी एकाला हसू आले. बाईंना आले नाही. अप्पांनी मूळ कागद पुढे ठेवला, मिलपासून सगळे सांगितले. बाईंनी कागद उजेडाला धरला.

"अक्षर सुंदर आहे. पण हा कागद तुम्ही काल लिहिला नाहीत कशावरून? ज्याला पेपर फोडता येतो, त्याला नोट्सही मागून तयार करता येतात."

पुरावा कुठून आणणार? बबलूच्या दुकानात हिशोब म्हणजे खिसा. पोरांनी परीक्षा झाल्याझाल्या नोट्स रद्दीत घातलेल्या. अंबिकेने आपली प्रत जपून ठेवली होती, पण तिच्या प्रतीवर तरी तारीख कुठे? ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, रडू दिसू नये म्हणून.

तेवढ्यात दार वाजले आणि रेणुकादास सर आत आले. त्यांनी पिशवीतून प्रत काढून टेबलावर ठेवली. वर तांबड्या शाईत लिहिले होते : प्राप्त, ७-१२-९८.

बाईंनी तारीख पाहिली. शेजारच्या परीक्षकांना त्यांनी विचारले, "पेपर कधी काढला?" ते म्हणाले, "जानेवारीत बसलो होतो आम्ही."

"सर, ही तारीख तुमच्या हातची?"

"हो. एवढं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही."

"म्हणजे डिसेंबरपासून हे तुमच्या घरात आहे. तुमच्या नावाच्या नोट्स. आणि तुम्ही वाचलं नाहीत?"

"नाही."

"का?"

सरांनी दाराकडे पाहिले. त्रेचाळीस पोरांपैकी निम्मी दारातून डोकावत होती. "अक्षर पाहिलं, की चूक असेल असं वाटतच नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. यांची नाही, आणि पोरांची तर नाहीच. मी सांगतो तसं पाठ करा, असं मीच वर्षभर सांगत होतो."

अप्पांनी मान खाली घातली. सर त्यांच्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, परीक्षकांशी हळू आवाजात बोलल्या. मग त्यांनी पेन उचलले. "पेपर फुटलेला दिसत नाही. निकाल मोकळे करायची शिफारस करते. आता प्रश्न सातव्या मुद्द्याच्या गुणांचा."

"शून्य द्या," सर ताबडतोब म्हणाले. "सहांना गुण आहेतच. सातवं कारण नव्हे. तो परिणाम आहे. आधी बँका बुडाल्या, मग लोक घाबरले."

"न्हाई सर," अप्पा एकदम म्हणाले. आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात राहिले नाही. "बँक बुडाली कशानं? सगळे एकदम पैसे काढायला पळाले म्हणूनच की. आमची मिल भूकंपानं पडली न्हाई. भूकंपात उभीच होती. आम्ही अंगणात बसलो म्हणून बुडाली. मी बी बसलो होतो."

"तुम्ही बसलात कशामुळे? भूकंपामुळे. मग कारण भूकंप."

"भूकंप तर शेजारच्या मिलला बी झाला होता. तिथं एक म्हातारा फोरमन होता, तो गेला आत, त्याच्यामागून सगळे गेले. ती मिल आज चालू हाय!"

सर आता अप्पांकडे वळले. हा फोरमन त्यांनी आजवर ऐकलेला नव्हता.

"तुम्हा दोघांचं बाहेर चालू द्या," सौदामिनीबाई म्हणाल्या. आता मात्र त्याही हसत होत्या. "गुण सहालाच. आणि कृपा करून अमेरिकेत चहाची भट्टी लावू नका. तिथं कॉफी पितात म्हणे."

व्हरांड्यात पोरांनी गलका केला. लोह्याहून आलेल्या एका बापाने काही न समजता सरांचे, मग अप्पांचे, आणि घाईत शाळेच्या शिपायाचेही पाय धरले. सर आणि अप्पा फाटकापर्यंत शेजारी शेजारी चालत गेले. रस्त्यावर आल्यावर सर म्हणाले, "तो फोरमन. नाव काय त्याचं?"

"बसलिंगप्पा. निलंग्याकडचा होता."

"हं," सर म्हणाले आणि रिक्षात बसून गेले.

निकाल सहाव्या दिवशी हाती आला. अंबिकेला इतिहासात एक्याऐंशी होते. मावशी कामावर गेलेली, म्हणून फॉर्म द्यायला निलंग्याच्या डी.एड. कॉलेजात तिच्यासोबत तारामतीबाई गेल्या. यादी लागली तेव्हा नंबर आत होता. आईला तिने तेव्हाच सगळे सांगितले, चौकशीसकट.

इकडे दोन रविवार टेबल रिकामे गेले. अप्पा लग्नपत्रिकांची नावे लिहीत बसत आणि पावलांचा आवाज आला की मान वर करत. बबलू काही बोलायचा नाही, एवढ्यावरून त्यालाही काळजी लागल्याचे कळायचे. तिसऱ्या रविवारी सर आले. नेहमीच्या स्टुलावर बसले. नव्या वर्षाच्या नोट्सना सुरुवात झाली. पण आता प्रत्येक पान लिहून झाले की सर ते हातात घेत आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. दुपटीने वेळ लागायला लागला. बबलू बेजार झाला. अप्पांना मात्र ते बरे वाटत होते, कारण वाचताना सर कधीकधी "वा" म्हणायचे.

नोव्हेंबरात महामंदी आली. सरांनी कारणे सांगितली. सहा. अप्पांनी सहाव्यापुढे टिंब दिले आणि पेन खाली ठेवले.

"दुसरा कागद घ्या," सर म्हणाले. "कोरा. ती मिलची गोष्ट लिहा. बसलिंगप्पासकट. तो नसला तर गोष्ट अर्धी आहे."

"कारणात का परिणामात?"

"कशातच नाही. वर मोठ्या अक्षरात लिहा : हे परीक्षेत लिहू नये."

बबलूने यंत्रामागून डोके काढले. "सर, परीक्षेत लिहायचंच न्हाई तर पोरं घेतील कशाला?"

"घेऊ नयेत," सर म्हणाले. "फुकट वाटा. माझ्याकडून."

अप्पांनी बाह्या सरसावल्या. तो एक कागद लिहायला त्यांना पूर्ण दुपार लागली. बबलूने शंभर प्रती काढून दाराशी विटेखाली ठेवल्या. बुधवारपर्यंत सहा कारणांच्या निम्म्याहून जास्त प्रती शिल्लक होत्या. विटेखाली काही राहिले नव्हते.